पाठ 16 : किती लिहावे? – शब्दसंख्या आणि लेखनाची लांबी

16.1 प्रास्ताविक

छत्तीसगढ राज्याच्या दुर्ग जिल्ह्यात भिलाई हे पोलादनगर वसलेले आहे. हावडा–नागपूर–मुंबई या लोहमार्गावर तेथे 'भिलाई पावर हाउस' नावाचे एक स्थानक आहे. स्थानकाच्या आसपासचा गजबजलेला परिसर 'पावर हाउस' याच नावाने ओळखला जातो. 1956 पूर्वी दुर्ग जिल्हा ज्या राज्यात होता, त्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे मराठी माणसांचा या भागाशी जुना संबंध आहे. पुढे पोलाद कारखाना उभा राहिला आणि देशाच्या अनेक भागांतून माणसे पोटापाण्यासाठी येथे आली.

गाव सोडून दूर आलेल्या माणसांना पत्राचा आणि तारेचा मोठा आधार असे. तारेचा आकार शब्दांच्या संख्येवर ठरत असल्यामुळे तार लिहिणारा प्रत्येक शब्द मोजून लिही. समजा, कोणी गावी अशी तार केली : 'वडील रुग्णालयात. धोका नाही. पत्र येते.' हे सहा शब्द आहेत. पैसे वाचवण्यासाठी 'धोका नाही' हे दोन शब्द गाळले, तर चार शब्दांत काम भागते. परंतु ती तार हाती पडताच गावाकडच्या घरात रडारड सुरू होईल आणि माणसे मिळेल त्या गाडीने निघतील. दोन शब्दांची बचत घरादाराला फार महागात पडेल.

दीड शतकाहून अधिक काळ चाललेली भारतातील तारसेवा 15 जुलै 2013 पासून बंद झाली. शब्द मोजण्याची गरज मात्र संपली नाही. परीक्षेतील उत्तर, नोकरीचा अर्ज, वर्तमानपत्रातील जाहिरात, सूचनाफलकावरील निवेदन, भ्रमणध्वनीवरील संदेश या सर्वांना काही ना काही मर्यादा असते. त्या मर्यादेत काय ठेवावे आणि काय गाळावे, हे या पाठात आपण पाहणार आहोत.

16.2 उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :

• मराठी मजकुरातील शब्द अचूक मोजणे;
• लेखनाचा हेतू आणि वाचक ओळखून लांबी ठरवणे;
• आवश्यक आणि अनावश्यक मजकूर यांतील फरक ओळखणे;
• दिलेल्या उताऱ्याचे एकतृतीयांश शब्दांत सारांशलेखन करणे;
• स्वतःचा मसुदा तपासून योग्य लांबीचा करणे.

16.3 शब्द कसे मोजावेत?

लेखनात दोन मोकळ्या जागांच्या मध्ये सलग लिहिलेला अक्षरसमूह हा मोजणीपुरता एक शब्द धरतात. मोजताना पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

(अ) विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये मराठीत शब्दाला जोडून लिहितात. म्हणून 'घराला', 'घरापासून', 'घरासमोरच्या' हे प्रत्येकी एकच शब्द आहेत. 'घरा पासून' असे तोडून लिहिणे हे शुद्धलेखनाच्या दृष्टीने चूक आहे. त्यामुळे शब्दसंख्याही खोटी वाढते.

(आ) 'च', 'ही', 'देखील' यांपैकी 'च' आणि 'ही' मागील शब्दाला जोडून येतात. त्यांची वेगळी मोजणी होत नाही. 'देखील' सुटे लिहिले, तर तो वेगळा शब्द ठरतो.

(इ) अंकांत लिहिलेली संख्या हा एक शब्द मानावा. '4 फेब्रुवारी 1959' हे तीन शब्द झाले.

(ई) 'आईवडील', 'काबाडकष्ट' यांसारखे सामासिक शब्द जोडून लिहिले जातात. ते एकेकच मोजावेत.

(उ) विरामचिन्हे आणि मुद्द्यांचे अनुक्रमांक मोजू नयेत.

एकच मजकूर दोन भाषांत लिहिला, तर शब्दांची संख्या सारखी येत नाही. पावर हाउससारख्या ठिकाणी मराठी मुले घरी मराठी आणि बाहेर हिंदी वापरतात. त्यांना हा फरक सहज पडताळता येईल. पुढील दोन वाक्ये पाहा.

मराठी : वडिलांच्या पगारातून दरमहा रक्कम कापली जात असे. (7 शब्द)
हिंदी : पिताजी के वेतन से हर महीने रकम काटी जाती थी। (10 शब्द)

अर्थ तोच आहे. हिंदीत 'के', 'से' हे नामानंतर सुटे लिहिले जातात, तर मराठीत त्यांचे काम करणारे प्रत्यय नामात मिसळून जातात. म्हणूनच हिंदीतील शंभर शब्दांचे उत्तर मराठीत आणले, तर ते बहुधा शंभराहून कमी शब्दांत बसते. मराठीत शंभर शब्द लिहिणाऱ्याला त्याच मर्यादेत थोडे अधिक सांगता येते.

कधी मर्यादा शब्दांची नसते, अक्षरचिन्हांची असते. भ्रमणध्वनीवरील साध्या लघुसंदेशात रोमन लिपीची 160 चिन्हे मावतात. देवनागरीत लिहिल्यास एका संदेशात 70 चिन्हेच मावतात. काना, मात्रा, वेलांटी यांचीही तेथे स्वतंत्र गणना होते. संदेश त्याहून मोठा झाल्यास तो दोन किंवा अधिक संदेशांत विभागला जातो.

परीक्षेच्या वेळी प्रत्येक शब्द मोजत बसण्याएवढा अवकाश नसतो. त्यासाठी एक सोपी रीत आहे. आपल्या हस्ताक्षरातील कोणत्याही पाच ओळींतील शब्द मोजावेत आणि त्या संख्येला पाचाने भागावे. पाच ओळींत 40 शब्द भरले, तर एका ओळीत सरासरी 8 शब्द येतात. म्हणजे 120 शब्दांचे उत्तर सुमारे 15 ओळींचे होईल. ही सरासरी एकदा काढून ठेवली, की परीक्षेत केवळ ओळींकडे पाहून अंदाज करता येतो.

पाठगत प्रश्न 16.1

1. पुढील वाक्यातील शब्द मोजा : 'पावर हाउसच्या बाजारातून आईने पाच किलो तांदूळ आणि एक डबा तेल आणले.'
2. 'शाळे समोरच्या मैदाना वर मुले खेळतात' हे वाक्य शुद्ध करून लिहा. शुद्ध केल्यावर किती शब्द कमी झाले?
3. एका विद्यार्थ्याच्या पाच ओळींत 35 शब्द आहेत. 140 शब्दांचे उत्तर त्याने सुमारे किती ओळींत लिहावे?

16.4 लांबी कशावरून ठरते?

शब्द मोजता आले म्हणजे लांबी ठरवता आली, असे नाही. तराजूने वजन कळते. पण घरात किती माणसे जेवणार आहेत, हे तराजू सांगत नाही. किती लिहावे हे लेखनाचा हेतू आणि वाचकाची गरज यांवरून ठरवावे लागते.

चांगदेव आणि ज्ञानेश्वर यांच्याविषयीची आख्यायिका सर्वपरिचित आहे. ज्ञानेश्वर वयाने लहान, पण अधिकाराने थोर. त्यांना मायना काय लिहावा, हे योगी चांगदेवांना उमगेना. त्यांनी कोरा कागदच पाठवला. त्या कोऱ्या पत्राला ज्ञानेश्वरांनी दिलेले उत्तर पासष्ट ओव्यांचे आहे. ते 'चांगदेव पासष्टी' या नावाने प्रसिद्ध आहे. ज्याच्या पत्रात एकही शब्द नव्हता, त्याला पासष्ट ओव्यांची गरज आहे हे लिहिणाऱ्याने ओळखले. त्याच ज्ञानेश्वरांनी गीतेच्या सातशे श्लोकांवर भाष्य करताना सुमारे नऊ हजार ओव्या रचल्या. कारण ते भाष्य संस्कृत न जाणणाऱ्या सामान्य श्रोत्यांसाठी होते. या दोन्ही रचनांची लांबी वाचकाकडे आणि श्रोत्याकडे पाहून ठरलेली आहे.

दुसरे उदाहरण छत्तीसगढच्या मातीतलेच आहे. माधवराव सप्रे यांचा जन्म 1871 साली मध्य प्रदेशातील दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे मराठी कुटुंबात झाला. 1900 साली त्यांनी पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. या मासिकात 1901 साली त्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा प्रसिद्ध झाली. हिंदीतील अगदी आरंभीच्या कथांमध्ये तिची गणना होते. काही अभ्यासक तिला हिंदीतील पहिली कथा मानतात.

ही कथा अवघ्या दीड-दोन पानांची आहे. एक श्रीमंत जमीनदार वाड्याचे आवार वाढवण्यासाठी एका अनाथ विधवेची झोपडी बळकावतो. ती नातीसाठी चूल घालायला झोपडीतील टोपलीभर माती मागते आणि टोपली उचलू लागण्याची विनंती करते. जमीनदाराला ती टोपली हलवता येत नाही. एवढी एक टोपली उचलवत नसेल, तर साऱ्या झोपडीच्या मातीचा भार जन्मभर कसा पेलणार, असा प्रश्न ती विचारते. जमीनदाराचे डोळे उघडतात आणि तो झोपडी परत करतो.

या कथेत जमीनदाराच्या वाड्याचे वर्णन वाढवता आले असते, विधवेचे पूर्वायुष्य विस्ताराने सांगता आले असते. परंतु त्यामुळे तिच्या एका प्रश्नाची धार बोथट झाली असती. सप्रे यांना लांब लिहिण्याचा कंटाळा होता, असेही नाही. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात 1910–11 मध्ये लिहिलेला आणि 1915 साली प्रसिद्ध झालेला 'गीतारहस्य' हा प्रचंड ग्रंथ सप्रे यांनीच हिंदीत आणला. समर्थ रामदासांच्या 'दासबोधा'चे वीस दशक आणि दोनशे समास यांचाही त्यांनी हिंदी अनुवाद केला. ज्या लेखणीने दोन पानांची कथा लिहिली, तिनेच हे दोन मोठे ग्रंथ पूर्ण केले. जेथे एक प्रसंग पुरेसा होता, तेथे ती लवकर थांबली. जेथे युक्तिवादाची प्रत्येक पायरी आवश्यक होती, तेथे तिने काही गाळले नाही.

यावरून एक कसोटी हाती येते. जे गाळल्यावर वाचकाला पुन्हा विचारावे लागते, ते गाळू नये. जे गाळूनही वाचकाचे काम अडत नाही, ते ठेवू नये.

16.5 एका अर्जाची गोष्ट

आता ही कसोटी एका व्यावहारिक लेखनाला लावून पाहू. त्यासाठी पावर हाउस येथे राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाची कल्पना करू. कुटुंबातील वडील पूर्वी नागपूरला एका कारखान्यात नोकरी करत होते. भविष्य निर्वाह निधीची रक्कम मिळावी म्हणून त्यांनी दावा दाखल केला, पण त्याचे पुढे काय झाले हे कळले नाही. तेव्हा माहितीच्या अधिकाराखाली नागपूरच्या संबंधित कार्यालयाकडे अर्ज करण्याचे ठरले. मुलीने पुढील मसुदा तयार केला.

पहिला मसुदा

'महोदय, आम्ही अत्यंत गरीब कुटुंबातील माणसे आहोत. माझ्या वडिलांनी आयुष्यभर काबाडकष्ट केले आणि कधीही कोणापुढे हात पसरला नाही. ते पूर्वी नागपूरला एका कारखान्यात अनेक वर्षे नोकरीला होते. तेथे त्यांच्या पगारातून दरमहा भविष्य निर्वाह निधीची रक्कम कापून घेतली जात असे. नंतर आम्ही सारे भिलाईला आलो. आता वडील थकले आहेत आणि घरची परिस्थिती फारच बिकट झाली आहे. निधीची रक्कम मिळावी म्हणून आम्ही मागेच अर्ज केला होता, पण त्याचे पुढे काय झाले, हे आजपर्यंत कळलेले नाही. अनेक खेपा घातल्या, परंतु कोणीही नीट उत्तर देत नाही. गरिबाला कोणी वाली नाही, हेच खरे. तरी आपण कृपा करून आमच्या अर्जाकडे सहानुभूतीने पाहावे आणि आमची रक्कम लवकरात लवकर मिळवून द्यावी, ही नम्र विनंती.'

हा मसुदा 106 शब्दांचा आहे. केंद्र सरकारच्या 2012 च्या नियमांनुसार माहितीच्या अधिकाराखालील अर्ज सामान्यतः 500 शब्दांपेक्षा मोठा नसावा. मात्र केवळ शब्द जास्त झाले म्हणून अर्ज फेटाळता येत नाही, असेही तेच नियम सांगतात. महाराष्ट्र शासनाने 2012 साली आपल्या कार्यालयांकडील अशा अर्जांसाठी 150 शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा घातली. भविष्य निर्वाह निधीचा कारभार केंद्राच्या कक्षेत येत असल्यामुळे या अर्जाला 500 शब्दांची मर्यादा लागू होते. 106 शब्द दोन्ही मर्यादांच्या आत आहेत. मग हा अर्ज योग्य लांबीचा म्हणावा काय?

तो वाचणाऱ्या अधिकाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. त्याला धारिका शोधायची आहे. खाते क्रमांक कोणता? दावा केव्हा दाखल केला? पोचपावती आहे काय? अर्जदाराला नेमकी कोणती माहिती हवी? 106 शब्दांत यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नाही. मर्यादा पाळूनही अर्ज एकाच वेळी लांबही आहे आणि अपुराही आहे.

मुलीने चूक सुधारण्यासाठी दुसऱ्या टोकाचा मसुदा केला : 'माझ्या निधीचे काय झाले, ते कळवावे.' हे सहा शब्द आहेत. मजकूर सुटसुटीत झाला, पण कोणाचा निधी आणि कोणता दावा, हे प्रश्न तसेच राहिले. थोडक्यात लिहिणे आणि अपुरे लिहिणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शेवटी तिने वडिलांची जुनी कागदपत्रे समोर घेतली आणि तिसरा मसुदा लिहिला. खाते वडिलांचे असल्यामुळे अर्जही त्यांच्याच नावाने केला.

तिसरा मसुदा

'महोदय, माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 अन्वये मला पुढील माहिती मिळावी.
विषय : भविष्य निर्वाह निधीच्या दाव्याची सद्यःस्थिती.
निधी खाते क्रमांक : ........
दावा सादर केल्याचा दिनांक : ........
पोचपावती क्रमांक : ........
(1) या दाव्यावर आजपर्यंत झालेली कार्यवाही, दिनांकानुसार.
(2) दावा प्रलंबित असल्यास, त्याचे नोंदवलेले कारण.
(3) त्रुटी आढळली असल्यास, ती कळवणाऱ्या पत्राची प्रत.
(4) दावा सध्या ज्यांच्याकडे आहे, त्या अधिकाऱ्याचे पदनाम.
अर्जाचे शुल्क सोबत जोडले आहे.'

रिकाम्या जागी प्रत्येकी एक शब्द धरल्यास हा मजकूर 59 शब्दांचा होतो. पहिल्या मसुद्यापेक्षा तो 47 शब्दांनी लहान आहे आणि तरीही त्यात अधिक माहिती आहे. पहिल्या मसुद्यात पैसे मिळवून देण्याची विनंती होती. येथे माहिती मागितली आहे. कायद्याने मागता येते ती माहितीच. ती का हवी, याचे कारण देण्याचे बंधन अर्जदारावर नाही, असे अधिनियमाच्या कलम 6 मध्ये स्पष्ट म्हटले आहे. त्यामुळे गरिबीचे वर्णन येथे आवश्यक नव्हते.

मुलीने हा मसुदा वाचून दाखवला, तेव्हा वडील म्हणाले, 'सगळे बरोबर आहे गं; पण मी इतकी वर्षे राबलो, ते यात कुठेच नाही.'

वडिलांची ही खंत खरी आहे. लांबी ठरवताना ती विसरून चालणार नाही. अर्जातून जे गाळले, ते महत्त्वाचे नव्हते म्हणून गाळले असे नाही; त्या वाचकाचे काम त्यावाचून अडत नव्हते म्हणून गाळले. वडिलांचे कष्ट, नागपूर सोडतानाचे दिवस, भिलाईतील पहिला पावसाळा या गोष्टींसाठी दुसरे लेखन आहे. त्या आत्याला लिहिलेल्या पत्रात येऊ शकतात किंवा 'माझे वडील' या निबंधात येऊ शकतात. तेथे खाते क्रमांक अनावश्यक ठरेल आणि राबलेले हात आवश्यक ठरतील.

पाठगत प्रश्न 16.2

1. पहिल्या मसुद्यातील कोणती दोन वाक्ये गाळली तरी अधिकाऱ्याचे काम अडत नाही?
2. सहा शब्दांचा मसुदा अपुरा का ठरतो?
3. योग्य पर्याय निवडा. तिसऱ्या मसुद्यात वडिलांच्या कष्टांचा उल्लेख नाही, कारण –
(क) ते महत्त्वाचे नव्हते. (ख) शब्दमर्यादा संपली होती. (ग) अर्जाच्या हेतूसाठी त्याची गरज नव्हती. (घ) मुलीला ते ठाऊक नव्हते.

16.6 शब्द कोठे वाचतात आणि कोठे वाचवू नयेत?

अनेकदा मजकूर विचारांमुळे लांबत नाही, सवयीच्या शब्दप्रयोगांमुळे लांबतो. पुढील जोड्या पाहा.

'त्या ठिकाणी' (2) – 'तेथे' (1)
'ज्या वेळी' (2) – 'जेव्हा' (1)
'त्या कारणामुळे' (2) – 'म्हणून' (1)
'पुन्हा एकदा परत' (3) – 'पुन्हा' (1)
'निर्णय घेण्यात आला' (3) – 'ठरले' (1)
'तपासणी करण्यात आली' (3) – 'तपासले' (1)

प्रत्येक ठिकाणी अर्थ तोच राहून शब्द कमी झाले. मात्र शेवटच्या जोडीत एक प्रश्न उरतोच : कोणी तपासले? 'तपासणी करण्यात आली' या रचनेत करणारा दिसत नाही. तो सांगणे आवश्यक असेल, तर 'अभियंत्यांनी तपासले' असे लिहावे. येथे एक शब्द वाढवणेच योग्य आहे.

पुढील गोष्टी मात्र शब्द वाचवण्यासाठी कधीही गाळू नयेत : दिनांक, वेळ, स्थळ, रक्कम, क्रमांक, 'नाही', 'नको', 'शिवाय', 'पर्यंत' यांसारखे अर्थ पालटणारे शब्द, आणि अटी दाखवणारे 'असल्यास', 'तरच' असे शब्द. 'सोमवारपर्यंत शुल्क भरावे' आणि 'सोमवारी शुल्क भरावे' यांत शब्द तितकेच आहेत. पण पहिल्या वाक्याने शनिवारी शुल्क भरण्याची मुभा दिली आहे; दुसऱ्याने ती काढून घेतली आहे.

16.7 सारांशलेखन

सारांशलेखनात मूळ उताऱ्याच्या सुमारे एकतृतीयांश शब्दांत त्याचा आशय स्वतःच्या भाषेत मांडायचा असतो. पुढील उतारा वाचा.

'1955 साली भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाई येथे पोलाद कारखाना उभारण्याचा करार झाला. तेव्हा या परिसरात लहान लहान खेडी आणि भाताची शेती होती. कारखान्याच्या उभारणीसाठी देशाच्या निरनिराळ्या भागांतून मजूर, कारागीर आणि अभियंते येथे मोठ्या संख्येने आले. त्यांच्याबरोबर त्यांच्या भाषा, सण, खाद्यपदार्थ आणि रीतिरिवाजही आले. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. पुढे भिलाईच्या रुळांवरून देशभर आगगाड्या धावू लागल्या. अशा रीतीने खेड्यांच्या जागी एक बहुभाषिक औद्योगिक नगर उभे राहिले.'

या उताऱ्यात 75 शब्द आहेत. सारांश सुमारे 25 शब्दांचा असावा. तो पुढील पायऱ्यांनी तयार करावा.

पहिली पायरी : उतारा दोनदा वाचून मध्यवर्ती कल्पना शोधावी. येथे ती शेवटच्या वाक्यात आहे : खेड्यांच्या जागी बहुभाषिक नगर उभे राहिले.

दुसरी पायरी : त्या कल्पनेची कारणे वेगळी काढावीत. कारखाना उभारला गेला आणि देशभरातून लोक आले, ही दोन कारणे आहेत.

तिसरी पायरी : यादीच्या जागी तिला सामावणारा एक शब्द योजावा. 'मजूर, कारागीर आणि अभियंते' यांच्या जागी 'लोक' हा शब्द पुरेसा आहे. 'भाषा, सण, खाद्यपदार्थ, रीतिरिवाज' यांतील या नगराशी सर्वांत निकटची गोष्ट 'बहुभाषिक' या विशेषणात आली आहे.

चौथी पायरी : कच्चा सारांश लिहून मगच शब्द मोजावेत. आधीच मोजत बसल्यास विचार तुटतो.

नमुना सारांश : 'भारत व सोव्हिएत संघ यांच्या 1955 सालच्या करारानुसार भिलाईत पोलाद कारखाना उभा राहिला. देशभरातून आलेल्या लोकांमुळे तेथील खेड्यांच्या जागी बहुभाषिक औद्योगिक नगर वसले.'

हा सारांश 23 शब्दांचा आहे. 25 हा आकडा गाठण्यासाठी त्यात आणखी दोन शब्द घालण्याची गरज नाही. मर्यादा ही भरण्याची जागा नसून ओलांडू नये अशी रेषा आहे. उद्घाटनाचा दिनांक येथे गाळला आहे, कारण उताऱ्याचा विषय नगराची घडण हा आहे. हाच उतारा कारखान्याच्या इतिहासाविषयी असता, तर तो दिनांक ठेवावा लागला असता. दिनांक गाळू नये, हा नियम सूचना आणि अर्ज यांना सर्वत्र लागू आहे. सारांशात मात्र मध्यवर्ती कल्पनेवरून निर्णय घ्यावा लागतो.

16.8 आपण काय शिकलो

• प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये जोडून लिहिलेला शब्द मोजणीत एकच धरतात.
• एकाच आशयासाठी वेगवेगळ्या भाषांत लागणारी शब्दसंख्या वेगवेगळी असते.
• लांबी लेखनाचा हेतू आणि वाचकाची गरज यांवरून ठरते.
• शब्दमर्यादेत बसलेला मजकूरही अपुरा असू शकतो.
• अर्थ पालटणारे शब्द, दिनांक, क्रमांक आणि अटी शब्द वाचवण्यासाठी गाळू नयेत.
• आधी लिहावे, मग मोजावे आणि त्यानंतर कसोटी लावून कमी-अधिक करावे.

16.9 स्वाध्याय

1. 'थोडक्यात लिहिणे आणि अपुरे लिहिणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.' हे विधान पाठातील उदाहरणांच्या आधारे 80 ते 100 शब्दांत स्पष्ट करा.
2. माधवराव सप्रे यांच्या लेखनावरून लांबीविषयी कोणता बोध होतो? 50 शब्दांत लिहा.
3. तुमच्या वस्तीत दोन दिवस पाणीपुरवठा बंद राहणार आहे. त्याविषयी सूचनाफलकासाठी 30 शब्दांचे निवेदन तयार करा. कोणती माहिती गाळता येणार नाही, याची आधी यादी करा.
4. तुमच्या घरातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीच्या कामाविषयी दोन प्रकारे लिहा : (अ) कार्यालयासाठी 50 शब्दांत माहिती, (आ) धाकट्या भावंडासाठी 150 शब्दांत पत्र. दोन्हींत काय वेगळे आले, ते दोन वाक्यांत नोंदवा.
5. या पाठातील 16.5 या भागाच्या शेवटच्या परिच्छेदाचे एकतृतीयांश शब्दांत सारांशलेखन करा.

16.10 पाठगत प्रश्नांची उत्तरे

16.1
1. 12 शब्द.
2. 'शाळेसमोरच्या मैदानावर मुले खेळतात.' सहा शब्दांचे चार झाले. दोन शब्द कमी झाले.
3. एका ओळीत सरासरी 7 शब्द. म्हणून सुमारे 20 ओळी.

16.2
1. 'आम्ही अत्यंत गरीब कुटुंबातील माणसे आहोत.' आणि 'गरिबाला कोणी वाली नाही, हेच खरे.' (या आशयाची अन्य वाक्येही चालतील.)
2. कोणाचे खाते, कोणता दावा आणि कोणती माहिती, हे त्यातून कळत नाही. वाचकाला पुन्हा विचारावे लागते.
3. (ग) अर्जाच्या हेतूसाठी त्याची गरज नव्हती.